नऊ सह्या

४ जानेवारी

प्रिय आत्या,

परवा फोनवर तू तीनदा "काय?" म्हणालीस आणि मी तीनदा "काही नाही" म्हटलं. म्हणून लिहिते आहे. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून ऐकू येत नाही, ते कानात घालावं लागतं, एवढं नोंदवून विषय बदलते.

मी नेमकं काय करते ते एका पानात सांग, असं तू म्हणाली होतीस. गुरू ग्रहाभोवती एक चंद्र फिरतो. वर कित्येक किलोमीटर जाडीचा बर्फ आणि त्याखाली समुद्र. तिथे आम्ही यान पाठवणार आहोत. माणूस नाही, फक्त यंत्रं. ऑक्टोबरमध्ये निघालं तर पोचायला सहा वर्षं. ते बर्फावर उतरेल, एक गरम सुई बर्फ वितळवत तीन मीटर खाली नेईल आणि खालून वर येऊन गोठलेल्या त्या पाण्यात कधी काही जगलं होतं का, याचा शोध घेईल.

माझं काम याच्या उलट बाजूचं आहे. आपल्याकडचं काही तिथे जाऊ नये, हे मी बघते. काही जंतू वाईट दिवस आले की टणक कवच करून आत झोपतात. त्यांना बीजाणू म्हणतात. थंडी, कोरडेपणा, निर्वात पोकळी, कशानेच ते मरत नाहीत. त्या समुद्रात आपला एकही जंतू पोचण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी पाहिजे, असा नियम आहे. म्हणून आम्ही यानाचा प्रत्येक भाग औषधाने पुसतो, मग ओल्या स्वॅबने नमुना घेतो, तो जंतू वाढवणाऱ्या जेलीच्या प्लेटवर लावतो आणि काही उगवतं का ते बघतो. बाबा सगळ्यांना सांगतात की मी यान बनवते. मी यान पुसते.

यानाच्या पोटात एक जाड धातूची पेटी आहे, सगळी इलेक्ट्रॉनिक्स तिच्यात. तिचे नमुने मी नऊ आठवडे घेतले. नऊही आठवडे शून्य. मर्यादा तीस बीजाणूंची आहे. असा निकाल इथे कुणालाच मिळालेला नाही. गेल्या आठवड्यात पेटी कायमची बंद झाली. २२ फेब्रुवारीला मी अंतिम दाखल्यावर सही करेन आणि यान पुढच्या चाचण्यांना जाईल.

एक पान झालं.

तुझी,
मोजपट्टी
(हे नाव मी अजूनही मान्य केलेलं नाही.)


११ जानेवारी

माझ्या मोजपट्टीस,

पत्र पोचलं. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही, तारीख मात्र ठळक. तू आपल्याच घरातली आहेस याची खात्री पटली. चार वर्षांची असताना तू माझ्या नर्सच्या टोपीचा घेर दोऱ्याने मोजला होतास आणि "आत्याचं डोकं बाबांपेक्षा मोठं आहे" असं भरल्या घरात जाहीर केलं होतंस. तुझ्या बापाने अजून मला माफ केलेलं नाही. नाव तेव्हाच पडलं, आता मान्य कर नाहीतर नको करूस.

पान दोनदा वाचलं. यंत्र कानात घालून वाचलं, काही फरक पडला नाही. सहा वर्षं लागणार म्हणजे पोचेल तेव्हा मी ऐंशीची असेन. असेन हं, मला कसलीही घाई नाही.

तुझं काम मला तू समजतेस त्यापेक्षा जास्त कळलं. एकतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटर सांभाळलं आहे. पुसायचं, स्वॅब घ्यायचा, लॅबला पाठवायचा, निकाल आला की रजिस्टरवर सही करायची. तुझा चंद्र लांब आहे एवढंच.

तुझ्या पत्रात तू फार खूश दिसतेस. म्हणजे तुझ्या मानाने. "असा निकाल इथे कुणालाच मिळालेला नाही" हे वाक्य तू लिहिलंस, हे तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिने डॉक्टरला बोलावलं असतं.

एकच विचारते. शून्य यायला लागलं त्याच्या आधी पुसायचं औषध बदललं होतंत का?

आत्या


१८ जानेवारी

प्रिय आत्या,

हो, बदललं होतं. पहिल्या शून्याच्या आठ दिवस आधी. जुनं औषध बीजाणूंवर पुरेसं चालत नव्हतं, म्हणून मी नवं सुचवलं आणि बदलाच्या कागदावर माझीच सही आहे. औषध चांगलं निघालं म्हणून शून्य आलं. यात शंका घेण्यासारखं काही मला दिसत नाही.

स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. तू चालवायचीस ते थिएटर होतं. आमच्याकडे आत जायला माणसाला वीस मिनिटं कपडे बदलावे लागतात, हवा दर मिनिटाला गाळली जाते आणि प्रत्येक पायरीची लेखी पद्धत आहे. ती पद्धत मी लिहिली आहे. एकशे चौदा पानं. दोन बाहेरच्या तपासनिसांनी ती वाचून मंजूर केली.

मी खूश नव्हते. मी निकाल कळवत होते.

तुझी भाची


२४ जानेवारी

मोजपट्टीस,

राग मानला. आता उतरला.

तुझी एकशे चौदा पानं मी वाचलेली नाहीत, पण त्यात एक पान नसणार, ते सांगते. आमच्या लॅबमध्ये एक जण होता, त्याला सगळे बुरशी म्हणायचे. सदा प्लेटांवर वाकलेला. तो म्हणायचा, सिस्टर, ज्या प्लेटवर काही उगवलं नाही तिच्यावर मुद्दाम थोडे जंतू पेरून बघायचे. पेरल्यावर उगवले तर पहिलं शून्य खरं. पेरूनही उगवले नाहीत तर प्लेट खोटं बोलतेय.

का बोलते? कारण पुसायच्या औषधाचा पातळ थर मागे राहतो. स्वॅबबरोबर तोही प्लेटवर जातो. जंतू असतो, जिवंत असतो, पण त्या थरामुळे प्लेटवर उगवत नाही. तुला वाटतं जागा स्वच्छ आहे. थर झिजला की तो उठतो. औषध जितकं चांगलं, तितकी ही लबाडी जास्त.

पेरून बघ. एक दिवसाचं काम आहे. मी चुकले तर मला एक खरमरीत पत्र लिही, तुला ते छान जमतं.

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पेरून बघितलं.

यानाच्या पेटीसारखाच धातूचा पत्रा घेतला. नव्या औषधाने पुसला, पद्धतीत लिहिलंय तेवढाच वेळ वाळू दिला, स्वॅब घेऊन बारा प्लेटा केल्या. प्रत्येकीवर मोजून शंभर बीजाणू टाकले. न पुसलेल्या पत्र्याच्याही बारा केल्या. न पुसलेल्यांवर चौऱ्याण्णवच्या आसपास उगवले. पुसलेल्यांपैकी नऊ प्लेटांवर काहीच नाही, दोन प्लेटांवर एकेक, एकीवर चार.

मग औषध निष्प्रभ करणारं द्रव्य प्लेटच्या जेलीत मिसळून तेच पुन्हा केलं. एक्याण्णव उगवले. म्हणजे बीजाणू सगळा वेळ जिवंत होते. जुन्या औषधासाठी जेलीत वेगळं द्रव्य असायचं. औषध बदललं तेव्हा ते द्रव्यही बदलायला हवं होतं. तपासनिसांनी मी लिहिलेलं वाचलं. मी न लिहिलेलं ते कसे वाचणार? चूक माझी आहे. पान ६१.

दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रकल्पप्रमुखांकडे गेले. त्यांना सगळे घड्याळबाई म्हणतात, कारण त्यांच्या खोलीत उड्डाणापर्यंतचे दिवस उलटे मोजणारं घड्याळ आहे आणि त्या बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्याकडे बघतात. वाईट बाई नाहीत. या यानासाठी त्यांनी अकरा वर्षं लोकांचे दरवाजे ठोठावले आहेत.

मी तक्ता पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे पेटीत जंतू आहेत?"

"म्हणजे पेटीत जंतू आहेत की नाहीत, हे आपल्याला माहीत नाही."

"मग नसतील."

"बाई, हे उत्तर नाही."

"गुरूच्या भोवती किरणोत्सर्ग केवढा आहे, तुला माहीत आहे. काही असलं तरी तिथे भाजून निघेल."

"पेटीच्या बाहेर निघेल. पेटी जाड केली तीच आतली इलेक्ट्रॉनिक्स किरणांपासून वाचावी म्हणून. त्या भिंतीआड जे काही आहे ते सगळंच वाचेल."

मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "पेटी उघडायची, भट्टीत भाजायची, तपासायची, बंद करायची, कंपनाच्या चाचण्या पुन्हा. किती?"

"साडेनऊ महिने."

"ऑक्टोबर गेला. पुढची संधी तेरा महिन्यांनी. मधल्या काळात पैसे देणारी समिती हा प्रकल्प चालू ठेवेल असं तुला वाटतं? ते कारणच शोधतायत. तू त्यांना ते बांधून देणार." मग तक्ता माझ्याकडे सरकवला. "तुझ्याकडे पेटीतला आकडा नाही, फक्त शंका आहे. आणि नऊ अहवाल आहेत, तुझ्याच सहीचे. बावीस तारखेला सही कर."

आत्या, तू थिएटरला कुलूप लावलं होतंस आणि नऊ दिवस कुणालाच किल्ली दिली नव्हतीस. बाबा हे प्रत्येक लग्नात सांगतात. मोठे डॉक्टर दारावर लाथा मारत होते आणि तू स्टुलावर बसून बँडेजच्या घड्या घालत होतीस. मला ते नेमकं हवंय. पहिल्या दिवशी तू काय बोललीस, कुणाला, कोणत्या शब्दांत. सगळं लिही. काही गाळू नकोस.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

मोजपट्टीस,

काही गाळू नकोस म्हणालीस, तेव्हा गाळत नाही.

दारावर लाथा कुणी मारल्या नाहीत. मोठे डॉक्टर सभ्य होते, त्यांनी फक्त टकटक केली. लाथा तुझ्या बापाने तिसऱ्या की चौथ्या लग्नात घातल्या. बँडेजच्या घड्या खऱ्या आहेत. किल्लीही खरी आहे, माझ्या कमरेला होती.

पण त्याच्या आधी तीन आठवडे होते, ते मी कुणाला सांगितलेले नाहीत.

फरशीचं आणि टेबलांचं औषध नवीन आलं होतं. पहिल्या आठवड्यात स्वॅब शून्य. मी सही केली. दुसऱ्या आठवड्यात शून्य. बुरशी जिना चढून वर आला, धापा टाकत म्हणाला, सिस्टर, मला हे पटत नाही, आपण पेरून बघू. मी काय म्हणाले सांगू? "बुरशी, जरा शून्य आलं तर सुखाने जगू दे की." सगळे हसले. तोही हसला. मी सही केली. तिसऱ्या आठवड्यातही केली.

का केली, याचा खूप विचार केला आहे. कुणी दडपण आणलं नव्हतं. मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "आमच्या सिस्टरचं थिएटर, जमिनीवर ताट ठेवून जेवा." मला ते आवडायचं. एवढंच. तू लिहिलंस ना, असा निकाल इथे कुणालाच मिळालेला नाही. ते वाचलं म्हणून मी तुला औषधाचं विचारलं.

चौथ्या आठवड्यात पाच जणांच्या जखमा चिघळल्या. चौघं बरे झाले. एक शिवणकाम करणारी बाई होती, चौतीस वर्षांची, पित्ताशयाचं साधं ऑपरेशन. ती सतराव्या दिवशी गेली. तिचा नवरा मला येऊन म्हणाला, तुम्ही फार केलंत तिच्यासाठी.

मग मी बुरशीकडे गेले आणि आम्ही पेरलं. मग कुलूप लावलं. ते धैर्य नव्हतं ग. मला हात लावायची भीती वाटत होती, दारालासुद्धा. पहिल्या दिवशी मी कुणाला काय बोलले ते विचारतेस. काहीच बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर त्या तीन सह्या बाहेर आल्या असत्या.

कुलपाचं सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या तीन सह्या रजिस्टरमध्ये तशाच राहिल्या. आमच्याकडे चुकलेली नोंद खोडायची रीत होती. गिरगटायचं नाही, कागद फाडायचा नाही. एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. दुसऱ्यांच्या चुकांवर मी ती शेकडो वेळा मारायला लावली. त्या तीन सह्यांवर कधी मारली नाही.

तू काय करावंस हे मी सांगत नाही. तो हक्क माझ्याकडे नाही. फक्त माझ्याकडे बघून काही करू नकोस.

आत्या

ता. क. तुझ्या बापाला सांगू नकोस. म्हणजे सांग, पण मी समोर नसताना.


१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं नाही. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते परत घ्यावं लागलं असतं.

मला राग आला, तो तुझ्या सह्यांचा नाही. तू ते कुलूप आम्हा सगळ्यांना वापरू दिलंस याचा आहे. शाळेत मी एकदा चुकून गुण वाढवून मिळाले म्हणून परत करायला गेले होते, तेव्हा मनात तू स्टुलावर बसलेली होतीस. नोकरीच्या मुलाखतीतही होतीस. आता तिथे कुणी नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईबद्दल काय लिहावं ते मला कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

पण एक गोष्ट तुझ्याच पत्रामुळे कळली. बावीस तारखेला मी सही नाकारली तर काय होईल, याचा मी हिशोब मांडत होते. काहीही होणार नाही. घड्याळबाई माझ्या जागी दुसऱ्या कुणालातरी बसवतील. तो माझे नऊ अहवाल उघडेल, नऊ शून्यं बघेल आणि निर्धास्त सही करेल. त्याची काही चूकही नसेल. मी दाराला कुलूप लावून उभी राहीन आणि आत सगळं माझ्याच सहीने चालू असेल.

तेव्हा दहावी सही न करण्याने काही होत नाही. आधीच्या नऊ काढाव्या लागतील.

मी काय गमावणार ते मोजलं आहे. ज्या माणसाने पद्धत लिहिली त्यानेच ती चुकीची होती असं म्हटलं की त्याला पुन्हा पद्धत लिहायला कुणी सांगत नाही. प्रकल्प बंद पडला तर तो माझ्या नावावर बंद पडेल. इथे दोनशे माणसं आहेत. त्यांच्यातले एक खडूमास्तर, हा चंद्र ज्यांचा आहे ते. बर्फाखाली समुद्र आहे हे ज्यांनी आकडेमोड करून दाखवलं त्यांच्यातले. फळ्याशिवाय त्यांना विचार करता येत नाही, बाही कायम पांढरी. बावीस वर्षं ते या यानाची वाट बघतायत. जेवायच्या खोलीत ते रोज माझ्या समोर बसतात आणि मला सुईची खोली विचारतात, जणू काल सांगितलेली आज बदलली असेल.

भीती वाटते. ती कागदावर मांडल्याने कमी होते असं म्हणतात, झाली नाही.

तुझी भाची


२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बैठक झाली. क्रमाने सांगते.

बारा माणसं होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. समितीचे दोघे पडद्यावर होते. घड्याळबाईंनी माझ्यासमोर दाखला ठेवला आणि पेन ठेवलं. मी पिशवीतून नऊ अहवाल काढले, सहीच्या मूळ प्रती. म्हटलं, "दाखल्याच्या आधी एक काम आहे."

पट्टी मागितली. बारा इंजिनिअर, कुणाकडेच पट्टी नाही. मग गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या कडेने पहिल्या अहवालावर एक रेघ मारली. शून्य खाली दिसत होतं. शेजारी तारीख, सही. दुसरा घेतला.

"हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या.

"चुकलेली नोंद दुरुस्त करतेय."

"तू थांब."

"सात राहिलेत."

कुणी मध्ये पडलं नाही. रेघ मारायला तसा काही वेळ लागत नाही, पण सगळे बघत असले की लागतो. नऊ झाल्यावर मी तक्ता दिला आणि पान ६१ वाचून दाखवलं. पडद्यावरच्या एकाने विचारलं, "ही पद्धत कुणी लिहिली?" मी म्हटलं, "मी." "औषध बदललं कुणी?" "मी." "मग तुमच्यावर आता विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका. पेटी उघडा आणि मोजा."

बाई खूप शांत आवाजात म्हणाल्या, "तू प्रकल्प मारलास."

मी म्हटलं, "बाई, तिथे जे असेल ते एकदाच पहिल्यांदा बघता येणार आहे. आपण स्वतःला तिथे आधी पाठवलं तर नंतर जे सापडेल ते कुणाचं, हे जगातला कुणीही माणूस कधीही सांगू शकणार नाही. ते मारणं नाही का?"

मला वाटतं माझा आवाज चढला होता. इथे माझा आवाज पूर्वी कुणी ऐकलेला नव्हता.

त्याच दुपारी मला तपासणीच्या प्रमुखपदावरून काढलं. ओळखपत्र बदललं, आता मला यानाच्या क्लीनरूममध्ये कुणाच्या तरी सोबतीनेच जाता येतं. पेटी उघडायचा निर्णय झाला, कारण अहवालच नाहीत म्हटल्यावर सही करायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. प्रकल्पाचं काय करायचं ते समिती नंतर ठरवणार.

खडूमास्तर जिन्यात भेटले.

"यान उतरेल तेव्हा मी सहासष्टचा असणार होतो," ते म्हणाले. "आता सदुसष्टचा. उतरलं तर."

"हो."

"मला तुझा भयंकर राग आला आहे."

"असू दे."

"समजा तिथे काही सापडलं असतं आणि ते आपल्याच पेटीतलं निघालं असतं, तर याहून जास्त आला असता. पण ते समजा आहे. तेरा महिने खरे आहेत." आणि खाली उतरून गेले. जेवायला आता दुसऱ्या टेबलावर बसतात.

मला पश्चात्ताप झालेला नाही. हे तुला सांगायचं होतं, कारण इथे मला कुणी ते विचारलं नाही.

तुझी भाची


१२ मार्च

मोजपट्टीस,

पत्र चार वेळा वाचलं. शाबास वगैरे म्हणत नाही, तुला ते चालत नाही.

मी काल काठी घेऊन आपल्या जुन्या हॉस्पिटलात गेले. रेकॉर्डच्या खिडकीत एक तरुण कारकून. म्हटलं, तेवीस वर्षांपूर्वीचं थिएटरचं रजिस्टर दाखवा. तो म्हणाला, "आजी, दहा वर्षांपुढचं सगळं रद्दीत जातं." मी म्हटलं, "मग मी रेघ कशावर मारू?" त्याला वाटलं मी चुकून मेंदूच्या विभागातून इकडे आले. खुर्ची दिली, पाणी दिलं.

मी त्याच्याकडून कोरा कागद घेतला. तीन आठवड्यांच्या तारखा लिहिल्या, काय घडलं ते लिहिलं, बुरशीने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही हेही. त्या बाईचं नाव लिहिलं, ते मी विसरलेले नाही. सही केली. म्हटलं, पोच द्या. "याचा काही उपयोग नाही, आजी." म्हटलं, "उपयोग मी विचारला नाही, शिक्का विचारला." अर्धा तास वाद घातला. शेवटी शिक्का मारून दिला, बहुतेक मी जावी म्हणून.

तुझ्या बापाला मीच सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आता लग्नात काय सांगू? म्हटलं, तुझ्या मुलीचं सांग. तर म्हणतो, तिच्या गोष्टीत कुलूपच नाही.

तू ज्या जागेवर मला बसवलं होतंस तिथे कुणी नाही, असं लिहिलंस. बरोबर आहे. ती जागा रिकामी ठेव. काम उभ्यानेच होतं.

आत्या


१९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

इतके महिने लिहिलं नाही, कारण आकडा नव्हता. आता आहे.

पेटी एप्रिलच्या शेवटी उघडली. नव्या प्लेटा, योग्य द्रव्य घातलेल्या आणि प्रत्येकीची जोडप्लेट पेरून तपासलेली. नमुने मी घेतले नाहीत, मला हात लावायची परवानगी नव्हती. मी काचेबाहेर उभी होते. चारशे बारा निघाले. मर्यादा तीस आहे, हे तुला आठवत असेल.

घड्याळबाईंनी तो कागद माझ्यासमोरच वाचला. मग भिंतीवरचं घड्याळ काढलं, सेल काढून ते कपाटात ठेवलं आणि मला बाहेर पाठवून समितीला फोन लावला. दार बंद होतं तरी मला ऐकू येत होतं. "चारशे बारा," त्या ओरडत होत्या, "तुमच्याकडे बंद करायला कारण नाही, चालू ठेवायला आहे. आम्ही हे उड्डाणाच्या आधी पकडलंय. कोण पकडतं?" आम्ही, असं म्हणाल्या. मी ते दुरुस्त करायला आत गेले नाही.

जूनमध्ये मंजुरी मिळाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात उड्डाण. पेटी भट्टीत भाजली, त्यात एक कॅमेरा गेला. त्याच्या जागी दुसरा बसवायला समितीने पैसे दिले नाहीत, तेव्हा एका डोळ्याने कमी जाऊ. खडूमास्तरांनी सुईच्या खोलीचं गणित पुन्हा मांडलं आहे. मला ते समजावून सांगायला आले होते. रागात आहेत, पण गणित सांगायला त्यांना दुसरं कुणी चालत नाही.

काल अंतिम मोजणीचा निकाल आला आणि सही करायची वेळ आली. नव्या प्रमुखाने कागद घड्याळबाईंकडे परत पाठवला: आधी तिने बघितलं पाहिजे. त्याच्या हाताखालच्या दोघांनीही तेच केलं. बाईंनी मला बोलावलं.

"आता तुझ्याशिवाय इथे कुणी सही करायला तयार नाही. सगळ्यांना बिघडवलंस."

"मी प्रमुख नाही."

"आजपासून आहेस. बस."

मी म्हटलं, आधी त्या नऊ शून्यांबद्दलचा चौकशी अहवाल. त्यात "प्रक्रियेतील त्रुटी" असं लिहिलंय. प्रक्रिया आपोआप लिहिली जात नाही. तिथे माझं पद आणि पान ६१ घाला, पुढे ही पद्धत वापरणाऱ्याला चूक कुठून शिरली ते कळलं पाहिजे. बाई म्हणाल्या, स्वतःच्या गळ्यात घंटा बांधून घ्यायची एवढी हौस? म्हटलं, हौस नाही, अट आहे. त्यांनी अहवाल दुरुस्त करवला. चाळीस मिनिटं लागली, मी तेवढा वेळ बसून होते.

मग दाखला पुढे आला. आकड्याच्या जागी कुणीतरी "जवळजवळ शून्य" असं टंकलेलं होतं. बातमीत बरं दिसेल म्हणून, बाई म्हणाल्या.

शून्य नाहीये, आत्या. सात आहेत. सात जण त्या पेटीत जिवंत आहेत, आणि मर्यादेत आहेत, आणि ते आहेत हे आम्हाला माहीत आहे. मी ते शब्द रेघ मारून खोडले, वर आकडा लिहिला, सही केली आणि कागद बाईंकडे वळवला. त्यांनी आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि खाली स्वतःची सही केली.

तुझी,
मोजपट्टी